सतरा नंबरच्या ताक्यातल्या गाठी

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळी पावणेअकराला पुष्पाबाईंना खालून बोलावणं आलं तेव्हा त्या क्रीलच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. क्रील म्हणजे सुताचे कोन अडकवायची भिंतीएवढी लोखंडी चौकट. चारशे ऐंशी कोन, त्यांतून निघालेले चारशे ऐंशी तार, आणि ते सगळे एकाच ताणात ओढून एका भल्यामोठ्या रुळावर गुंडाळायचे. हा रूळ म्हणजे बीम, आणि तो भरण्याचं काम म्हणजे वॉर्पिंग. बीम मागावर चढला की तेच तार ताणा होतात आणि आडव्या बाण्याबरोबर त्यांचं कापड विणलं जातं. एखादा तार ढिला गेला किंवा गाठ कच्ची बसली, तर त्याची फळं खाली मागावरचा कारागीर भोगतो. पुष्पाबाईंनी अकरा वर्षं बीम भरले होते आणि त्यांच्या बीमबद्दल खालून कधी हाक आली नव्हती.

केबिनमध्ये हसमुख शेठ उभे होते. त्यांनी खुर्चीकडे हात केला.

"बेसो, पुष्पाबेन."

सतरा वर्षांत शेठनी त्यांना बसायला सांगितलं नव्हतं. शेठ वाईट माणूस नव्हते, पण बसायला सांगून ते फक्त कामावरून कमी करायच्या माणसाशी बोलत, हे सगळ्या खात्याला, म्हणजे कारखान्याला, ठाऊक होतं.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चार रंगांचे चार खांब होते. त्यातला निळा बाकीच्या तिघांना खाली ठेवून वर गेला होता.

"हे बघा. निळा म्हणजे ताणा तुटला. रोजचे तीनशे दहा. माझ्या साडूच्या खात्यात एवढेच लूम, कापड हेच, सूत हेच. त्याच्याकडे किती? एकशे चाळीस. तो बीम घरी भरत नाही, कामरेजहून तयार मागवतो."

"शेठ, माझे बीम..."

"हुं जाणुं छुं, बेन. तुमचा हात मला माहीत आहे. पण हे मी नाही बोलत, हे मशीन बोलतंय. चार महिन्यांचा हिशेब आहे. शनिवारी अकरा वाजता कॉलेजच्या मॅडम येतील, पुढच्या टप्प्यावर सह्या होतील. त्या वेळी ठरवून टाकू. वॉर्पिंग बंद करायचं, तयार बीम आणायचे."

"आणि मी?"

शेठनी पडद्याकडे पाहिलं. "तुमचा चेतन बारडोलीला साखर कारखान्यात लागलाय ना? चांगलं आहे. मुलाकडे राहा. आराम करा."

आरामाचं नाव काढलं आणि पुष्पाबाई उठल्या. खुर्चीला पाठ लागलीच नव्हती.

पुष्पाबाई मूळच्या पारोळ्याकडच्या. लग्न होऊन सुरतेत आल्या त्या १९९४ साली. नवरा लक्ष्मण याच शेठच्या जुन्या खात्यात माग चालवायचा. २००८ च्या मार्चमध्ये तो कावीळ होऊन गेला आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई कामावर हजर झाल्या. आधी सहा वर्षं बॉबिन भरणं, मग वॉर्पिंग. गोडादऱ्यात एक खोली, खोलीत एक कॉट, भिंतीला लक्ष्मणचा फोटो. चेतन दर रविवारी फोनवर म्हणायचा, आई, सोड ते काम, इकडे ये. त्या हो म्हणायच्या आणि सोमवारी सात वाजता क्रीलपाशी असायच्या. सुनेच्या घरी त्यांना कोणी दुखवलं असतं अशातला भाग नव्हता. पण तिथे त्या चेतनची आई होत्या. इथे नवा कारागीर आला की फोरमन त्याला सांगे, बीम पुष्पाबाईंचा आहे, डोळे मिटून चढव.

कॉलेजवाले डिसेंबरात आले होते. सुषमा मॅडम प्राध्यापक, आणि त्यांच्या हाताखाली हर्षदा, शेजारच्या लिंबायत वस्तीतलीच मुलगी, एम.टेक. करणारी. मागांना त्यांनी सेन्सर लावले. माग थांबला की सेन्सरला आपोआप कळायचं, पण का थांबला हे त्याला कळत नव्हतं. म्हणून प्रत्येक कारागिराला एक टॅबलेट दिला. माग दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबला, की परत चालू करण्याआधी चारांपैकी एक बटण दाबायचं. लाल म्हणजे बाणा तुटला, निळं म्हणजे ताणा तुटला, हिरवं म्हणजे मशीन बिघडलं, पांढरं म्हणजे ताका, म्हणजे विणून झालेला कापडाचा तागा, उतरवला. या नोंदी साठवून कॉलेजचं कॉम्प्युटर पुढे कुठला माग कधी थांबणार ते आधीच सांगणार होतं. कारागिरांकडून कागदावर सह्या-अंगठे घेतले होते. त्यावर लिहिलं होतं की कुठल्या मागाची, कुठल्या कारागिराची माहिती मालकाला मिळणार नाही. मालकाला पूर्ण खात्याचा एकत्र आकडाच दिसेल. ते वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले होते. कागदावरचं कोण मानतो?

केबिनमधून निघाल्यावर पुष्पाबाई वर गेल्या नाहीत. त्या तशाच मागांच्या ओळीत शिरल्या.

चोवीस मागांच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. इथे लोक कानाशी तोंड नेऊन बोलतात, नाहीतर हातवाऱ्यांनी. पुष्पाबाई सतरा नंबरच्या मागाशी उभ्या राहिल्या. सतरा ते वीस हे चार माग धुडकूभाऊंचे. धुडकू त्यांच्याच गावचा, लक्ष्मणचा जोडीदार, वय छप्पन्न. त्याच्या शेजारच्या चार मागांवर वैभव होता, परभणीकडचा, तोंडाचा फटकळ, अठ्ठावीस वर्षांचा.

त्यांनी बीमवर हात ठेवला. ताण सारखा होता. तारांवरून उलटा तळवा फिरवला, एकही ढिला लागला नाही. मग त्या भिंतीला टेकून बघत राहिल्या. साडेअकरा ते दोन. या अडीच तासांत धुडकूच्या चार मागांवर ताणा तीन वेळा तुटला. त्यांनी बोटांवर मोजलं. धुडकू स्वतः पाच वेळा बाहेर गेला आणि दर वेळी दहा-बारा मिनिटांनी भिंतीचा आधार घेत आला. तो नसताना बाण्याचं सूत संपून एखादा माग थांबायचा आणि तसाच उभा राहायचा. वैभव स्वतःचे चार उरकून उशिराने यायचा, सूत जोडायचा, आणि कोपराने टॅबलेटवर दाबायचा. निळं. दर वेळी निळं.

दोन वाजता जेवायच्या सुट्टीत त्यांनी वैभवला जिन्याखाली गाठलं.

"काय रे, निळं कशाला दाबतोस? ताणा कुठे तुटला होता?"

वैभव हसला. "मावशी, तुमचं बीम लई नाजूक हाय. नुसतं बघितलं तरी तुटतंय."

पुष्पाबाई हसल्या नाहीत. त्याचंही हसू आटलं.

"सांग."

"काय सांगू? लाल दाबलं तर मशीन विचारणार, बाणा जोडायला एक मिनिट लागतं, अकरा मिनिटं कशी लागली? हिरवं दाबलं की फिटर पळत येतो. निळ्याला कुणी काही विचारत नाही. ताणा जोडायला वेळ लागतोच की. म्हाताऱ्याला सारखं जावं लागतं, मावशी. त्याला सांभाळायला नको?"

"फक्त त्याचंच?"

"चहाला जातो आम्ही पण. सगळेच निळं दाबतात. रात्रपाळीवाले तर आमच्याहून जास्त." मग त्याने चपलेने जमीन उकरली. "मशीनच तर हाय, वाटलं. मशीनला काय कळतंय? ते तुमच्यावर येईल हे कुणाच्या डोक्यात आलं होतं?"

तार तुटला, हे उत्तर मुळात पुष्पाबाईंचंच होतं. जुन्या खात्यात मुकादम फिरायचा तेव्हा, जागेवर नसलेल्या माणसाच्या शेजाऱ्याने एकच उत्तर द्यायचं, तार तुटलाय, जोडायला गेलाय. लोक त्याला जोडी सांभाळणं म्हणत. नव्या माणसाला काम शिकवायच्या आधी हे शिकवत, आणि पुष्पाबाईंनी कित्येकांना शिकवलं होतं. २००९ च्या पावसाळ्यात चेतनला टायफॉइड झाला तेव्हा त्या पाळीतून तीनदा घरी पळत होत्या. महिनाभर. त्या महिन्यात मुकादमाला रोज तीनदा तार तुटल्याचं सांगणारा माणूस म्हणजे धुडकू.

मुकादम ऐकून विसरायचा. हे नवं यंत्र ऐकायचं आणि लिहून ठेवायचं.

बुधवारी त्यांनी हर्षदाला फोन केला. ती दुपारी आली, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, घामाने निथळलेली. पुष्पाबाईंनी तिला चेकिंगच्या टेबलापाशी नेलं.

"पोरी, कालच्या सतरा नंबरच्या ताक्यात ताणा किती वेळा तुटला ते सांग."

हर्षदा गोंधळली. "मावशी, एवुं न थाय. म्हणजे एकेका लूमचं सांगता येत नाही. करार आहे."

"करार काय म्हणतो? मालकाला सांगायचं नाही. मी मालक आहे का?"

हर्षदाने लॅपटॉप उघडला. "शेहेचाळीस."

पुष्पाबाईंनी ताका टेबलावर पसरला. एकशे दहा मीटर कापड, टोकाला शाईने लिहिलेलं १७ आणि तारीख. त्यांनी कापड उलटं केलं आणि डाव्या हाताची चार बोटं त्यावरून फिरवायला सुरुवात केली.

"ताणा तुटला की काय करतात? गाठ मारून जोडतात. गाठ विणली जाते, ती जात नाही. ती मागच्या बाजूला बोटाला लागते. हं. ही एक. हात दे."

हर्षदाने बोट ठेवलं. मोहरीच्या दाण्याहून बारीक काहीतरी टोचलं.

एकशे दहा मीटर संपायला पाऊण तास गेला. गाठी निघाल्या नऊ.

हर्षदाने लॅपटॉपवरचा आकडा पुन्हा पाहिला. "मग सदतीस?"

"सदतीस वेळा काही तुटलंच नाही."

"म्हणजे आमचा चार महिन्यांचा डेटा..." तिने वाक्य सोडलं. चेहरा उतरला होता. तिचा प्रबंध त्याच्यावर उभा होता. "मावशी, शनिवारी हा ताका दाखवला की तुम्ही सुटलात."

"मी सुटले. आणि सतरा नंबरवाला?"

ताक्यावरचा आकडा दोघींच्या मध्ये उघडा पडला होता. हा ताका शेठसमोर ठेवायचा म्हणजे धुडकूचं नाव ठेवायचं. नाही ठेवायचा, तर सोमवारी वॉर्पिंगला कुलूप.

गुरुवारी सहा वाजता पुष्पाबाई धुडकूच्या खोलीवर गेल्या. रुक्मिणीने दार उघडलं.

"ये वं पुष्पा. बठ. च्या ठेवस."

"च्या नको. भाऊ शे का घरमा?"

धुडकू कॉटवर पाय वर घेऊन बसला होता. "माले माहीत शे तू कसाले उनी," तो म्हणाला. "वैभवनं सांगं."

घरात ते सगळे अहिराणीतच बोलत. पुष्पाबाईंनी गाठींचं सांगितलं, शनिवारचं सांगितलं. धुडकू मान खाली घालून ऐकत होता.

"डॉक्टरले दखाडं का?"

उत्तर रुक्मिणीने दिलं. साखर चारशेच्या वर आहे. गोळ्या चालू आहेत. पायाला मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात, बसायचं काम बघा. छप्पन्नाव्या वर्षी बसायचं काम कोण देतो?

"मी काही सांगितलं नाही अजून," पुष्पाबाई म्हणाल्या.

"सांगी दे," धुडकू एकदम बोलला. आवाज चढला होता. "सांग की. सतरा नंबरवाल्याला मुतायला लागतं, काढून टाका. तुझं बीम तेवढं चांगलं ठरू दे. लक्ष्मण असता ना, तर तो..."

"लक्ष्मणचं नाव मध्ये आणू नको, भाऊ."

"का? तुझं पोर तापानं फणफणलं होतं तेव्हा मी मोजल्या का, तू किती खेपा केल्या?"

बाहेर गल्लीत कोणीतरी गाडीला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती.

"नाही मोजल्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "म्हणून तर आधी तुझ्याकडे आले. शेठकडे नाही गेले."

त्या उठल्या. दाराशी रुक्मिणीने त्यांचा दंड धरला आणि सोडला. धुडकूने वर पाहिलं नाही.

शुक्रवारी त्यांनी एक बीम भरला. चारशे ऐंशी तार, तीन वेळा तपासले. दुपारी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत फिरल्या. संध्याकाळी चेतनचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, सगळं ठीक आहे.

शनिवारी त्या साडेसहालाच आल्या. चेकिंगच्या टेबलामागे त्या आठवड्याचे, मागामागाचे चोवीस ताके रचून ठेवले होते. चेकिंगचा माणूस नऊला येऊन ते वहीत चढवायचा. पुष्पाबाईंनी कात्री घेतली. त्यांनी सतरा नंबरचा ताका ओढला, टोक पसरलं आणि शाईचा आकडा होता तिथून एक वीतभर कापड कापलं. मग थांबल्या. एकाच ताक्याचं टोक कापलेलं दिसलं तर वहीत जो नंबर कमी येईल तो हाच, हे शेठना दोन मिनिटांत कळलं असतं. त्यांनी दुसरा ताका ओढला. मग तिसरा. कापडाच्या खात्यात विणलेल्या ताक्याला कात्री लावणं म्हणजे काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यापायी त्यांच्या डोळ्यांदेखत दोन माणसं घरी गेली होती. सात वाजून वीस मिनिटांनी चोवीस तुकडे त्यांच्या पिशवीत होते.

आत्तापर्यंत त्यांना वॉर्पिंग जाण्याची भीती होती. आता स्वतःच्या हातांचीच वाटू लागली.

अकराला केबिनमध्ये चौघं होते. शेठ, सुषमा मॅडम, हर्षदा आणि फोरमन. टेबलावर कराराचे कागद, वर पेन. शेठनी पडद्यावरचा निळा खांब दाखवून बोलायला सुरुवात केली तोच दार ढकलून पुष्पाबाई आत आल्या. खांद्यावर ताका.

"बेन, मीटिंग चालू आहे."

"माझ्याच बीमची ना, शेठ? मग मी बाहेर कशी?"

त्यांनी ताका कागदांवरच ठेवला. गाठीचं सगळं सांगितलं. थांबत, चुकत, पण सांगितलं. नऊ गाठी खडूने गोल करून ठेवल्या होत्या. शेठ स्वतः एके काळी माग चालवलेले. त्यांनी बाह्या सरकवल्या आणि बोटं फिरवली. पंधरा मीटर, वीस मीटर. पहिल्या गाठीशी बोट थांबलं.

"आणि कॉम्प्युटर किती म्हणतं?"

"शेहेचाळीस," हर्षदा म्हणाली. "मी पाहिलंय, सर. हाच ताका."

सुषमा मॅडमनी चष्मा काढला. त्या ताक्यावर वाकल्या, स्वतः तीन गाठी शोधल्या, आणि खुर्चीत बसल्या. "चार महिने आमचं कॉम्प्युटर ताणा कधी तुटेल ते शिकत होतं," त्या हळू म्हणाल्या. "शिकलं काय, तर लोक बाहेर कधी जातात."

फोरमनला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. शेठ हसले नाहीत.

"म्हणजे सदतीस वेळा कोणीतरी खोटं दाबलं. माझ्या खात्यात. कोण?" त्यांनी ताक्याचं टोक ओढलं, आकडा बघायला. कापलेली कड हातात आली. "आ छेडो कोणे काप्यो?"

"मी."

"नंबर कुठे आहे?"

"कापला. चोवीसही ताक्यांचे कापले."

शेठचा चेहरा लाल झाला. एवढा वेळ मान डोलावणारा फोरमन दोन पावलं मागे सरकला.

"चोवीस ताके! पुष्पाबेन, तुमचं डोकं ठिकाणावर आहे?" ते हर्षदाकडे वळले. "तू सांग. कोणता लूम? तुला माहीत आहे."

हर्षदाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी काही खूण केली नाही. मुलीचे हात लॅपटॉपवर होते, दोन बटणांत उत्तर होतं.

"नाही सांगता येणार, सर," हर्षदा म्हणाली. "करारात आहे. लोकांना वाचून आम्हीच दाखवलं होतं."

"करार गेला खड्ड्यात. पुढची सही व्हायची आहे अजून."

"मग नका करू सही," सुषमा मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा परत घातला. "पण मला एक सांगा. लोकांनी खोटं का दाबलं? कारण खरं दाबायला आम्ही बटणच दिलं नव्हतं. चार कारणं आम्ही आमच्या ऑफिसात बसून ठरवली. माणूस उठून बाहेर जातो हे आमच्या यादीत नव्हतंच. आज हिने एक नाव सांगितलं तर उद्यापासून लोक दुसरं खोटं दाबतील. मग हे सेन्सर काढून भंगारात द्या."

बाहेर मागांचा आवाज चालू होता, जमीन थरथरत होती.

"हे खोटं बोलायला शिकवलं कोणी यांना?" शेवटी शेठनी विचारलं. प्रश्न कोणालाच उद्देशून नव्हता.

"मी शिकवलं," पुष्पाबाई म्हणाल्या. "जुन्या खात्यात. मुकादमाला सांगायला. कोणी जागेवर नसला तर तार तुटला म्हणायचं. तुमच्या अर्ध्या कारागिरांना मी सांगितलंय ते. नाव पाहिजे असेल तर माझं घ्या."

शेठनी ताक्याखालून कागद ओढून काढले.

"बीम घरचेच राहतील," ते म्हणाले. "ते सिद्ध झालं, मी नाही म्हणत नाही. मॅडम, पाचवं बटण टाका. पिवळं. कारागीर बाजूला. सोमवारपासून." मग त्यांनी पुष्पाबाईंकडे बोट केलं. "आणि तुम्ही आठ दिवस घरी. कात्रीबद्दल. परत कात्री दिसली तर कायमचं."

"बरं."

त्या निघाल्या. जिन्याखाली वैभव होता, बातमी काढायला थांबलेला. त्यांनी पिशवीतले चोवीस तुकडे त्याच्या हातात दिले. "हे जाळ. आणि सगळ्यांना सांग, सोमवारपासून जे असेल तेच दाबायचं."

"आणि म्हातारा? त्याचं पिवळं डोंगराएवढं दिसंल."

शेठना फक्त एकत्र आकडा दिसणार होता, पण तो मोठा दिसला की ते स्वतः जिन्यात उभे राहणार, कोण किती वेळा जातो ते बघायला. आणि तिथे कुठलाच करार चालत नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. घरात बसून हाताला काम नव्हतं. त्यांनी गादीच्या खोळी उसवून पुन्हा शिवल्या. रुक्मिणी भेटायला आली नाही, आणि पुष्पाबाई तिच्याकडे गेल्या नाहीत.

बुधवारी, २३ तारखेला, दुपारी सव्वाचारला हर्षदाचा फोन आला.

"मावशी, दोन दिवसांचा डेटा आलाय. एक विचारू? पिवळं खूप आहे. पण सगळ्या लूमवर जवळजवळ सारखं. दिवसपाळीची सहाच्या सहा माणसं दर तासाला बाहेर जातात. असं असतं का? हे पुन्हा खोटं दाबतायत का?"

पुष्पाबाई कॉटवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर ते लगेच उभं राहिलं. धुडकू उठला की त्याच्यामागोमाग पाळीपाळीने एकेक उठणार. शेठ जिन्यात उभे राहिले तरी सहाही जण सारखेच जाताना दिसणार.

"सेन्सर काय म्हणतो? लूम त्या वेळी बंद होते?"

"हो. ते तर सेन्सर स्वतः बघतो."

"मग माणसं खरंच जातायत. खोटं कुठे आहे? उन्हाळा आहे, पोरी. पाणी पितात."

पलीकडे हर्षदाच्या श्वासावरून ती हसतेय असं वाटलं. "शेठ किती दिवस चालू देतील हे?"

"ते माहीत नाही." आणि खरंच माहीत नव्हतं. कापड कमी निघायला लागलं की शेठ गप्प बसणार नव्हते. "निळं किती?"

"काल एकशे बत्तीस."

साडूच्या खात्यात एकशे चाळीस. पुष्पाबाईंनी मनात वजाबाकी केली. आठ. अकरा वर्षं ज्या हातावर लोक डोळे मिटून विसंबले, त्याच्यात आणि कामरेजच्या तयार बीममध्ये फक्त आठांचा फरक.

"सगळ्यात जास्ती कुठल्या लूमवर?" त्यांनी विचारलं. "मी मालक नाही."

पलीकडे हर्षदाने कळा दाबल्याचा आवाज आला. "नऊ नंबर. बावीस."

"नऊ नंबरवरचा बीम कधीचा?"

"दोन एप्रिल लिहिलंय."

पुष्पाबाईंनी डोळे मिटले. दोन एप्रिल. बीम अर्धा भरला होता आणि वीज गेली होती. पुन्हा आली तेव्हा सगळे तार सोडून ताण नव्याने लावायला हवा होता. पाऊण तासाचं काम. त्या दिवशी त्यांनी ते केलं नव्हतं. आहे तसाच पुढे ओढला होता.

"मावशी? आहात ना?"

"आहे. ऐक. फोरमनला माझं नाव घेऊन सांग, नऊ नंबरचा बीम उतरवून ठेवा. तो चांगला नाही. माझाच आहे. मी सोमवारी आले की पहिला तोच उलगडणार."

"असं सांगू? तुमचंच नाव घेऊन?"

"हो," पुष्पाबाई म्हणाल्या. "माझंच नाव घेऊन."